*पानी की *पाणी? तारा लावलेला शब्द ठरवतात तरी कसा

हिंगोलीचा मास्तर

राम राम मंडळी. प्रश्न जपानच्या बेटांवरून सुरू होतो, पण अडलंय माझ्या वहीत.

सेनगाव तालुक्यात आणि आसपास ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली. मी मूळचा परभणीकडचा. पहिल्याच शाळेत हजेरी घेताना एक पोरगं उठून म्हणालं, "गुरुजी, भाऊ येनार न्हाई, त्याचे डोये आलेत." डोये म्हणजे काय ते कळायला मला मधली सुट्टी लागली. त्या दिवशी वही केली. आज तीन वह्या आहेत, ४३ गावं, २१२ शब्द. अवजारं, कालवणं, नातीगोती, शिव्यासुद्धा (त्यांचं पान पिन मारून बंद केलंय, घरात नातवंडं असतात).

आमच्याकडची गंमत अशी की रिसोड-वाशीमच्या अंगाला सरकलं की ळ गायब. पोळ्याचा पोया, शाळेची शाया, माळ्यावरचं भांडं मायावर. आणि ण तर आमच्या जवळजवळ सगळ्याच पट्ट्यात नाही. पानी, कोन, पन.

दिवाळीला पुतण्या आला होता. पुण्यात जपानी शिकतो. त्यानं सांगितलं की जपानच्या दक्षिणेला र्‍युक्यू नावाची बेटांची माळ आहे, ओकिनावा त्यातलंच. एका बेटाची बोली दुसऱ्याला कळत नाही अशी गत. तर विद्वानांनी त्या बोल्या शेजारी शेजारी मांडून त्या सगळ्यांची आजी उभी केली म्हणे. कुणी न लिहिलेली, कुणी न ऐकलेली. तिचा शब्द लिहिताना आधी एक तारा काढायचा.

मला हे फार आवडलं. म्हटलं आपणही आपल्या वहीची आजी काढू. बसलो चार रात्री. पद्धत साधी ठेवली, मतदान. 'पानी' ४० गावं, 'पाणी' तीन गावं आणि माझी एक चुलती. म्हणून *पानी. 'काळा' ३१, 'काया' १२, म्हणून *काळा. 'काहून' २७, 'कामून' १६, म्हणून *काहून. चुलतीला तर मी यादीतूनच काढलं. एका म्हातारीपायी ४० गावांचं कशाला बिघडवा.

पुतण्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर, "काका, हे ग्रामपंचायतीचं इलेक्शन नाही." आणि परीक्षा आहे म्हणून गेला तो गेलाच.

मग हे कसं असतं? ज्याची मतं जास्त तो मूळ नाही, तर मूळ कोण? आणि तो ताऱ्याचा शब्द खरंच कुणाच्या तोंडी होता, का नुसता कागदावरचा? सोपं करून सांगा. एकदा हीच वही एका साहेबांना दाखवली होती तर ते म्हणाले, "अशुद्धाचा एवढा साठा कशाला केलात?" तेव्हापासून दाखवताना जरा हात आखडतो.

---

लिंबाखाली

मास्तर, सोयाबीनला भाव नाही आन् तुम्ही जपानच्या आजीच्या मागं. असो. पण *पानी बरोबरच आहे की! संस्कृतात पानीय. तिथं न आहे. तुमच्या ४० गावांनी संस्कृत जपलं, ण म्हणणारे पुढं शहाणे झाले. खेळ खल्लास.

---

वाळूजची दुभाषी

गुरुजी, आधी चुलतीला यादीत परत घ्या. सगळ्या वहीत मोलाची साक्षीदार तीच निघेल असं मला वाटतंय.

मी छत्रपती संभाजीनगरला असते, वाळूजच्या कारखान्यांत जपानी इंजिनिअरांची दुभाषी. भाषाशास्त्र पदवीला शिकले, पोट जपानीवर भरते. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून जेवण बाजूला ठेवलं.

तुमच्या शाळेतलंच घ्या. वजनाचा मण आणि आपलं मन, पोरं दोन्ही 'मन' म्हणतात ना? आणि शुद्ध लिहायच्या धास्तीनं 'मणापासून आभार' असंही लिहितात. तुम्ही असे शंभर तरी पेपर तपासले असतील. पोरगं असं का चुकतं? त्याच्या बोलीत दोन अक्षरांचं एक झालंय, आणि एकदा एक झालं की कोणता न आधी ण होता हे त्याला आतून कळायला काही मार्ग नाही. पाठ करावं लागतं. दुधात पाणी घालता येतं, काढता येत नाही.

आता उलटं बघा. समजा एखाद्या बाईच्या बोलण्यात 'पान' ला न आहे आणि 'पाणी' ला ण आहे. शाळा तिनं पाहिलेली नाही. ती कधीच गोंधळत नाही. हा भेद तिनं स्वतः तयार केला असं म्हणायचं तर नियम सांगता आला पाहिजे, की अमुक ठिकाणी ती न चा ण करते. तसा नियम सापडत नसेल तर भेद आधीपासून होता, तिच्याकडं राहिला आणि ४० गावांत मिटला. चाळीस गावं ही चाळीस मतं धरू नका. मिटण्याची ती एकच घटना, चाळीस ठिकाणी पसरलेली.

तुमचं 'काळा' मतदानानं बरोबर आलं, पण ते नशीब. खरं कारण हेच. रिसोडकडं काळा आणि शरीर दोन्ही 'काया', माळा आणि प्रेम दोन्ही 'माया'. तुमच्याकडं वेगवेगळे. म्हणून ळ जुना. उद्या ४२ गावं 'काया' म्हणाली आणि एकच गाव 'काळा', तरी उत्तर *काळाच.

आता बेटांवर चला. तोक्योच्या जपानीत झाड म्हणजे 'कि', यकृत म्हणजे 'किमो', केस म्हणजे 'के'. म्हणजे झाडाचा कि आणि यकृताचा कि एकच, केसाचा के वेगळा. ओकिनावात, शुरीच्या बोलीत, झाड 'की', यकृत 'चिमु', केस 'की'. जरा थांबून परत वाचा. तिथं झाड आणि केस एक झालेत, यकृत वेगळं आहे. दोघांनीही काहीतरी मिटवलंय, पण वेगवेगळं. दोन्ही साक्षी एकदम खऱ्या ठरवायच्या तर आजीकडं दोन नाही, तीन वेगवेगळे स्वर असायला हवेत. एकट्या तोक्योवरून हा आकडा निघत नाही, एकट्या शुरीवरूनही नाही. दोघी चुकलेल्या, पण चुका जुळत नाहीत, म्हणून हिशेब लागतो.

आणि हा हिशेब नुसता कागदी नाही. ८व्या शतकातले जपानी लोक आपली भाषा चिनी अक्षरांनी लिहीत. त्यांच्या लिखाणात 'कि' साठी अक्षरांचे दोन वेगळे गट आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. हाशिमोतो शिन्किची यांनी १९१७ साली हे मांडलं. झाडाचा कि एका गटात, यकृताचा दुसऱ्या. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचे नारा दरबारचे कारकून आणि आज ओकिनावाच्या बाजारात बसलेली म्हातारी एकच गोष्ट सांगतात. मधल्या तोक्योला पत्ता नाही.

जाता जाता, चिमु म्हणजे यकृत आणि काळजातलं मन, दोन्ही. आपलंही 'काळीज' संस्कृत कालेयक, म्हणजे यकृतच. मला हे कळलं तेव्हा मी उगाच खूष झाले होते. नातं काही नाही, माणसं सगळीकडं पोटातच जीव लावतात एवढंच.

लिंबाखाली दादा, तुमच्या संस्कृतवर रात्री लिहिते, शिफ्ट सुरू होतेय. ते वाटतं तेवढं सरळ नाही.

---

देगलूर नाका

ताई, भारी. मला एक विचारायचंय आणि एक सांगायचंय.

आमच्याकडं आठवडी बाजारात तीन भाषा एका पाटीभोवती उभ्या असतात. दूध तेलुगूत 'पालु', कन्नडात 'हालु'. फूल तेलुगूत 'पुव्वु', कन्नडात 'हूवु'. वाघ 'पुलि' आणि 'हुलि'. माझी आजी कन्नड, आई तेलुगू घरातली, मी लहानपणी ठरवलंच होतं की प ला दम लागला की ह होतो. पुढं कळलं की जुन्या कन्नड शिलालेखांतही प च आहे, ह नंतर आला.

तर विचारायचं हे की जपानी फूल 'हाना' ना? बेटांवर काय म्हणतात?

---

वाळूजची दुभाषी

देगलूरकर, तुम्ही तर माझ्या तोंडचा घास घेतला. शुरीत हाना, पण मियाको, याएयामा या दक्षिणेच्या बेटांवर आणि ओकिनावाच्या उत्तर टोकाला 'पाना'. आणि हो, तिथंही प आधीचा. प चा ह होणं जगात खूप ठिकाणी दिसतं, ह चा प होणं जवळपास दिसत नाही. ओठ सैल पडतात, मग नुसती हवा राहते.

जपानीत मधला टप्पासुद्धा पकडलाय, आणि तो कोड्यानं. १५१६ सालच्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहात असं आहे: आईला दोनदा भेटतात, बापाला एकदाही नाही, ओळखा कोण? उत्तर, ओठ. आज आईला जपानीत 'हाहा' म्हणतात, आणि ते म्हणून बघा, ओठ एकदाही भेटत नाहीत. कोडं फुसकं. पण त्या काळी तो शब्द 'फाफा' सारखा होता, दोन्ही ओठ जवळ आणून फुंकर मारल्यासारखा. दोन फा, दोन भेटी. बापाच्या 'चिचि' त ओठांचं कामच नाही. पुढं १६०३ मध्ये नागासाकीला पोर्तुगीज पाद्र्यांनी जपानीचा मोठा कोश छापला, त्यातही फुलाला 'फाना' च आहे. प, मग फ, मग ह. मियाको पहिल्या पायरीवर थांबलं.

याचा एक उपयोग फार व्यवहारी आहे. मियाकोच्या बोलीत जिथं प हवा तिथं एखादा शब्द ह घेऊन आला, तर तो शब्द आजीकडून आलेला नाही, तोक्योहून अलीकडं आलेला पाहुणा. आपल्याकडं 'हात' असताना 'हस्ताक्षर' पाहुणं आहे तसं. हस्त नक्षत्राचं तर शेतकऱ्यांनी हत्ती करून टाकलं आणि पाहुण्याला घरचं करून घेतलं.

गुरुजी, सगळ्यात महत्त्वाचं: सारखं दिसणं हा पुरावाच नाही. चंद्र किंवा महिना तोक्योत 'त्सुकि', शुरीत 'चिचि', आणि ओगामी नावाच्या चिमुकल्या बेटावर 'क्स्क्स'. स्वर औषधाला नाही. तिघं एकमेकांचे कुणी लागतात असं वाटतं का? पण शुरीत त्सु चा चि आणि कि चा चि होणं नेमानं होतं, ओगामीतले बदलही नेमानं. 'ऐकणे' तोक्योत 'किकु', शुरीत 'चिचुन्', ओगामीत परत 'क्स्क्स'. नेम जुळला की नातं जुळलं. तसंच 'मी' शुरीत 'वन्', मियाकोत 'बन्'. दक्षिणेकडं व चा ब झाला, आपला वाघ हिंदीत बाघ आणि वीस हिंदीत बीस तसा. योनागुनी हे तर अगदी तैवानजवळचं टोक, तिथं य चा द होतो. डोंगर तोक्योत 'यामा', तिथं 'दामा'. आपल्या यात्रेची जत्रा झाली त्याच जातीचं.

म्हणजे लक्षात घ्या, टोकाचं बेट म्हणून ते नेहमी जुनंच धरून बसतं असंही नाही. प च्या बाबतीत मियाको जुनं, व च्या बाबतीत तेच मियाको नवं. शब्दागणिक नाही, ध्वनीगणिक निवाडा करायचा.

आता तारा. तारा म्हणजे कबुली: हे आम्ही ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही, हिशेबानं काढलंय. पाणी तोक्योत 'मिझु', शुरीत 'मिझि', ८व्या शतकातल्या जपानीतही 'मिदु'. तरी सगळी बेटं मांडल्यावर त्यांच्या आजीचं रूप निघतं *मेझु. ना तोक्योत ए, ना शुरीत. यातून आणखी एक गोष्ट निघते. बेटांवर शेती घेऊन ही माणसं क्यूशू या जपानच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाकडून साधारण १०व्या ते १२व्या शतकात उतरली असं मानतात. पण ८व्या शतकातल्या जपानीत जे मिटलेलं आहे ते यांच्याकडं शाबूत, म्हणजे वाटण्या बेटावर जायच्या आधीच झाल्या होत्या. एकाच गावात राहून चुली वेगळ्या. बेटांवरचं लिखाण सुरू होतं ते खूप नंतर, ओमोरो सोशी हा गाण्यांचा संग्रह १५३१ ते १६२३ दरम्यानचा. त्याच्या मागचा सगळा काळ असा ताऱ्यांच्या उजेडात बघायचा.

*मेझु कुणाच्या तोंडी होता का? जवळपास असलंच काहीतरी. ए नेमका किती उघडा, किती मिटलेला, ते तारा सांगत नाही. इथं मि नव्हता, एवढं ठाम सांगतो.

---

लिंबाखाली

बरं बरं. पण माझ्या पानीय चं काय झालं? रात्र होऊन गेली.

---

वाळूजची दुभाषी

विसरले नाही दादा.

संस्कृतात पर्ण मध्ये ण, पानीय मध्ये न. मराठीत बरोबर उलटं: पान, पाणी. कारण मधे प्राकृत आहे. पर्ण चं झालं पण्ण, जोडाक्षर. पानीय चं पाणिअ, एकेरी ण. मराठीनं काय केलं, तर जोड ण्ण चा न केला आणि एकेरी ण ठेवला. म्हणून कर्ण, कण्ण, कान. सुवर्ण, सुवण्ण, सोनं. अरण्य, रण्ण, रान. आणि एकेरीतून जन चा जण, नवनीत चं लोणी. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितांनी मराठीच्या घडणीवर १९२० साली जे पुस्तक काढलं त्यात हा हिशेब पक्का मांडलाय.

म्हणजे आपल्या न आणि ण मध्ये एक जुनी नोंद दडलीय, प्राकृतात इथं जोडाक्षर होतं की नव्हतं याची. गुरुजींच्या ४० गावांत ती नोंद पुसली गेली. त्यांचं 'पानी' संस्कृतासारखं दिसतं, पण ते संस्कृतातून सरळ चालत आलेलं नाही, न चा ण होऊन परत न झालाय. पंढरपूरला जाऊन परत आलेला माणूस घरीच होता असं म्हणण्यासारखं ते.

आणि उलट, पद्धतीची मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई जादू विकतेय. मराठी हात, हिंदी हाथ, पंजाबी हत्थ. तिघांवरून फार तर *हत्थ निघेल. हस्त मधला स तिघींनीही घालवलाय, आणि सगळ्यांनी घालवलेलं कुणी परत आणू शकत नाही. संस्कृत हाताशी नसतं तर आपण *हत्थ वर तारा लावून गप्प बसलो असतो. पण हिंदुकुशात चित्रालची खोवार भाषा हाताला 'होस्त' म्हणते. आणि हजार वर्षांपूर्वी इथून निघून युरोपभर भटकलेल्या रोमा लोकांच्या भाषेत हात म्हणजे 'वस्त'. तो स त्यांच्या गाड्यांतून तिकडं गेला. म्हणून म्हणते, एकही बोली किरकोळ म्हणून वगळू नका.

तुमच्या त्या साहेबांवरून आठवलं. आमच्याकडं आलेले एक इंजिनिअर मियाकोचे होते. जेवताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजीच्या शाळेत बेटाची बोली बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. ती उतरायची केव्हा, तर दुसरा कुणी बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात जायची. ओकिनावात ही पाटी प्रसिद्ध आहे. आजी पुढं नातवाशी बोलीत कधी बोललीच नाही, फक्त देवाशी बोलायची. त्या इंजिनिअरांना बोलीतले वीसेक शब्द येतात, त्यात 'पाना' आहे. २००९ साली युनेस्कोनं र्‍युक्यूच्या सहा भाषा धोक्यातल्या यादीत टाकल्या.

---

एकादशी दुप्पट खाशी

मधे तोंड घालतो. शब्द जुना म्हणजे वस्तू जुनी, असं समजू नका गुरुजी. तुमच्या वहीत मिरची असेलच. शब्द मरिच वरून, पण मरिच म्हणजे काळी मिरी. लाल-हिरवी मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या मागं आली. मिरचीचा तारा काढून 'सातवाहन ठेचा खात होते' असं भाषण ठोकाल तर फसाल.

ओकिनावात हेच रताळ्याचं. १६०५ मध्ये नोगुनी सोकान नावाच्या माणसानं चीनमधून रताळं आणलं आणि कंदाचा जुना शब्द रताळ्याच्या गळ्यात पडला. आपलं रताळंसुद्धा रक्तालु, जुनं नाव, नवा कंद. उपासाला चालतं म्हणजे ऋषींनी खाल्लं असेल असं आमच्या आईला अजून वाटतं. मी काही बोलत नाही, खातो.

---

हिंगोलीचा मास्तर

ताई, देगलूरकर, सगळ्यांचेच आभार. मनापासून, न वाला.

पेपर तपासताना 'मणापासून' ला मी तीस वर्षं लाल गोल केला. ती चूक काय सांगते याचा विचार एकदाही केला नाही. एका पोरानं एकदा 'काणात वारं' लिहिलं होतं, त्याला उठाबशा काढायला लावल्या होत्या. आज तो तलाठी आहे, भेटला की पाया पडतो. मलाच कसंतरी होतं.

*काहून वरही काट मारली. 'कामून' मध्ये 'काय म्हणून' अजून ऐकू येतंय, 'काहून' मध्ये म चा मागमूस नाही. १६ गावांनी २७ ला पाडलं.

काल चुलतीकडं गेलो. ८१ वर्षांची आहे, माहेर पैठणचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सांगून विचारलं तर माणूस सावध होतं, म्हणून वस्तू दाखवत गेलो. कानाला हात लावला, 'कान'. तांब्या दाखवला, 'पाणी'. फ्रिजमधून वाटी काढली, 'लोणी'. बाहेर बोट केलं, 'ऊन पडलंय, दिसत न्हाई का'. किती माणसं जेवायला विचारलं, 'पाच जण'. ताई, एक चुकली नाही. शेवटी म्हणाली, "दवाखान्यातून आलास का रं? मला भरम झालाय का बघायला?"

पण मग फसली. भिंतीला टांगलेलं ज्वारीचं कणीस दाखवलं तर म्हणाली 'कनीस'. मी परत विचारलं, परत 'कनीस'. दाणा दाखवला, 'दाना'. गोठ्याकडं, 'वैरन'. माझा चेहरा पडला. म्हटलं झालं, गेला नियम. कणीस तर तुमच्या हिशेबानं एकेरी ण, कणिश. तिला ण यायला हवा होता. ज्या जिभेवर लोणी आणि जण आहे तिला कणीस का जमू नये? रात्रभर डोक्यात तेच.

हे तीन शब्द कुठं बसवू?

---

वाळूजची दुभाषी

गुरुजी, तिन्ही शब्द शेतातले आहेत. चुलतीच्या माहेरी शेत होतं का?

---

हिंगोलीचा मास्तर

आत्ताच फोन केला. नव्हतं. तिचा बाप गोदावरीत नाव चालवायचा. म्हणाली, "लगीन हुईस्तवर मी ज्वारीच्या रानात पाय ठिवला न्हवता. खुडायला मला तुझ्या आज्जीनं शिकवलं."

आमची आज्जी सेनगावची. तिला ण यायचा नाही.

मग मी तिला विचारलं, नावेला काय काय असतं ते सांग. अर्धा तास बोलत होती. वल्ही, सुकाणू, आणि असे सात-आठ शब्द जे माझ्या तिन्ही वह्यांत नाहीत. चौथी वही आणली आहे. उद्या सकाळी जातो.